आफ्रिकेच्या उभारीवरचं संशोधन: प्रश्न कोण काढणार?

दारेसलामकर

मागच्या एका चर्चेत कुणीतरी ठोकून दिलं होतं, "आफ्रिकेला संशोधन कशाला हवं? रस्ते, वीज, पाणी द्या. संशोधन युरोप-अमेरिका करतेच आहे, त्यांनी ते वापरावं." तिथे विषय वेगळा होता म्हणून गप्प बसलो. आता स्वतंत्र धागा काढतोय.

मी टांझानियातल्या दार-ए-सलाममध्ये बरीच वर्षं हिशेबाचं काम करतो. इतिहासकार नाही, अर्थतज्ज्ञही नाही. तरी माझं मत ठाम आहे: आफ्रिकेतले समाज कसे उभे राहतील याचा अभ्यास तिथल्या विद्यापीठांत आणि तिथल्या लोकांनी काढलेल्या प्रश्नांवर व्हायला हवा. परक्याने काढलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कितीही हुशारीने लिहा, उपयोग त्यालाच होतो.

पुरावा म्हणून दोन कागद घ्या. एप्रिल १९८० मध्ये आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी लागोसमध्ये एक आराखडा मंजूर केला. त्यांचं निदान असं: आम्ही कच्चा माल विकतो आणि पक्का विकत घेतो, म्हणून अडकलो, आपसात व्यापार वाढवू, स्वतःच्या पायावर उभं राहू. पुढच्याच वर्षी जागतिक बँकेचा अहवाल आला. तो लिहिण्यात एलियट बर्ग प्रमुख होते. त्यांचं निदान उलटं: रोग तुमच्या सरकारांत आहे. चलनाचे भाव फुगवलेत, सरकारी खरेदी मंडळं शेतकऱ्याला लुबाडतात, सरकारी कारखाने तोट्यात आहेत. खरं सांगायचं तर दोन्हींत तथ्य होतं. पण पैसा एकाच कागदामागे होता. पुढची वीस वर्षं देशोदेशीची धोरणं त्याच कागदावरून बेतली गेली. कर्ज हवं तर अटी पाळा. त्यालाच 'स्ट्रक्चरल अ‍ॅडजस्टमेंट' म्हणायचं.

त्या काळात बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला की प्राथमिक शाळेवर घातलेला रुपया विद्यापीठावर घातलेल्या रुपयापेक्षा समाजाला जास्त परतावा देतो. परतावा मोजला कशावरून? शिकलेल्या माणसाच्या कमाईवरून. त्या पदवीधराने शेतातली कीड ओळखली, दफ्तरखाना लावला किंवा बँकेचाच अहवाल खोडून काढला, तर त्याची किंमत या हिशेबात येतच नाही. विद्यापीठं चैनीच्या रकान्यात गेली. मग २००० साली बँक आणि युनेस्को यांच्याच संयुक्त कृतिगटाने म्हटलं की उच्च शिक्षणाकडे दुर्लक्ष झालं. तोवर एक अख्खी पिढी बाहेर निघून गेली होती.

आणि आधी तिथे काही नव्हतं असंही नाही. नायजेरियातलं इबादान विद्यापीठ १९४८चं, युगांडातल्या मकेरेरे विद्यापीठाची सुरुवात १९२२ची. इबादानला इतिहासकार केनेथ डिके यांनी नायजेरियातल्या सरकारी कचेऱ्यांत धूळ खात पडलेले कागद गोळा करून राष्ट्रीय दफ्तरखाना उभा करायला घेतला. आपले राजवाडे गावोगाव दफ्तरं धुंडाळत फिरले, तसलंच काम. लंडनला बसून कुणाला ते सुचलं नसतं, कारण लंडनला त्याची गरजच नव्हती.

तर बोला.

खडूसकाका

बोलतो. जागतिक बँकेला शिव्या घातल्या की आफ्रिकेवरचा लेख पूर्ण होतो, हे मी चाळीस वर्षं ऐकतोय.

तारखा बघा, साहेब. बँकेचा अहवाल १९८१चा. मकेरेरेचे कुलगुरू फ्रँक कालिमुझो यांना इदी अमीनच्या माणसांनी १९७२ साली उचलून नेलं, ते परत आलेच नाहीत. हे वॉशिंग्टनने केलं? तुमच्या त्या डिकेंना १९६६च्या इग्बोंच्या कत्तलींनंतर इबादान सोडावं लागलं, ते कर्जाच्या अटींमुळे? न्गुगी वा थिओंगो नैरोबी विद्यापीठात साहित्य विभागाचे प्रमुख होते. १९७७च्या अखेरीस केनियाच्या सरकारने त्यांना खटला न चालवता वर्षभर डांबलं, आणि सुटल्यावर नोकरीही परत दिली नाही. मलावीचे हुकूमशहा बांडा यांनी थंडिका म्कांडाविरेंसारख्या अर्थतज्ज्ञाला देशाबाहेर ठेवलं.

विद्यापीठं मोडली ती तिथल्याच हुकूमशहांनी. बँक फार तर पंचनाम्याला आली.

मुक्तछंद

काकांशी सहमत, पण माझा आक्षेप निराळा आहे. मूळ लेखातला 'तिथल्या लोकांनी' हा आग्रहच मला खटकतो. सत्याला पासपोर्ट लागत नाही.

ग्रेट झिंबाब्वेचे दगडी अवशेष घ्या. गोऱ्या वसाहतवाल्यांचं म्हणणं, हे फिनिशियनांनी नाहीतर शेबाच्या राणीने बांधलं, काळ्यांना कुठून जमणार. हे थोतांड मोडलं कुणी? १९०५ साली डेव्हिड रँडल-मॅकायव्हर आणि १९२९ साली गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी. दोघेही ब्रिटिश. दोघांनी खणून दाखवलं की बांधणारे स्थानिक आफ्रिकीच. मौखिक परंपरा हे इतिहासाचं साधन म्हणून कसं तपासायचं, याची शिस्त घालून देणाऱ्यांत ठळक नाव यान व्हान्सिना यांचं. ते बेल्जियन.

उलट बाजूने शेख अंता दिओप बघा. सेनेगलचे, विद्वान, डाकारला रेडिओकार्बनची प्रयोगशाळा उभारणारे. पण प्राचीन इजिप्तची संस्कृती ही कृष्णवर्णीयांचीच, हा त्यांचा सिद्धान्त आज बरेच अभ्यासक त्या रूपात मान्य करत नाहीत. 'आमचा अभ्यास आम्हीच करणार' म्हटलं की संशोधन अभिमानाच्या वळणाला लागतं. पुष्पक विमानवाल्या देशात राहून हे मी वेगळं सांगायला नको.

कलिना_८९

मुक्तछंद, झिंबाब्वेची गोष्ट अर्धी सांगितलीत. उरलेली अर्धी मी सांगते. (मुंबई विद्यापीठात १९७१पासून आफ्रिकेच्या अभ्यासाचं केंद्र आहे, हे इथल्या किती जणांना ठाऊक आहे? मी तिथली.)

रँडल-मॅकायव्हर यायच्या आधी तिथे रिचर्ड हॉल नावाचे गृहस्थ होते. त्यांना अवशेषांची देखभाल करायला नेमलं होतं. त्यांनी काय केलं? परकी बांधणाऱ्यांच्या खुणा सापडाव्यात म्हणून भिंतींमधली मातीच उपसली. वरच्या थरांत होती ती स्थानिकांची वस्ती: त्यांच्या घरांच्या जमिनी, खापरं, चुलीची राख. हॉल यांच्या लेखी तो 'काफिरांचा कचरा' (काफिर म्हणजे तिथल्या काळ्यांना गोऱ्यांनी दिलेली शिवी). फावड्याने काढून टाकला. पुरातत्त्वात थर एकदाच वाचता येतो. ज्या भागात हॉल पोचले तिथला पुरावा कायमचा गेला, पुढे कितीही मोठी केटन-थॉम्पसन आली तरी.

आणि ती बाई १९२९ साली स्पष्ट बोलली, त्यानंतर काय झालं? ऱ्होडेशियाच्या शाळांत आणि पर्यटकांच्या पुस्तिकांत परकी बांधणाऱ्यांचं गूढ चालूच राहिलं. १९७०च्या सुमारास सरकारचा दबाव होता की हे आफ्रिकींनी बांधलं असं ठामपणे छापू नका. पीटर गार्लेक हे तिथले पुरातत्त्व अधिकारी, गोरेच. ते बधले नाहीत, त्यांना देश सोडावा लागला. १९८०ला देश स्वतंत्र झाला, या अवशेषांचंच नाव देशाला मिळालं, आणि तेव्हा कुठे सरकारी पुस्तिका सरळ झाली.

म्हणजे सत्य सांगणारा गोरा होता, मान्य. पण ते सत्य शाळेतल्या पोरापर्यंत पोचायला पन्नास वर्षं लागली, कारण छापखाना आणि संग्रहालय दुसऱ्यांच्या ताब्यात होतं. दारेसलामकर संस्थांबद्दल बोलताहेत, कातडीच्या रंगाबद्दल नाही. निदान मी तरी तसं वाचलं.

दिओपबद्दलही. १९७४ साली कैरोला युनेस्कोने परिषद भरवली. दिओप आणि त्यांच्या मताचे काँगोचे अभ्यासक ओबेंगा एका बाजूला, उरलेले बरेच इजिप्तशास्त्री दुसऱ्या बाजूला. कडाक्याचं भांडण झालं. पुढे युनेस्कोच्या आफ्रिकेच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात दिओप यांचं प्रकरण छापलं गेलं, आणि सोबत संपादकांची टीप: इथली सगळी मतं सर्व तज्ज्ञांना मान्य नाहीत. प्रकरण गाळलंही नाही आणि ब्रह्मवाक्यही केलं नाही. हा आठ खंडांचा प्रकल्प १९६४ साली ठरला. इंग्रजीत पहिला खंड १९८१ला निघाला, आठवा १९९३ला. समितीत ३९ जण, त्यांतले दोन तृतीयांश आफ्रिकी, आणि आठही खंडांचे संपादक आफ्रिकी: की-झेर्बो, मोख्तार, अल फासी, नियान, ओगोट, अजायी, बोआहेन, मझरुई. अभिमानाने आंधळी झालेली माणसं स्वतःच्याच खंडात असहमतीची टीप छापत नाहीत.

प्रकल्प ठरायच्या आदल्याच वर्षी ऑक्सफर्डचे इतिहासकार ट्रेव्हर-रोपर म्हणाले होते की आफ्रिकेत इतिहास आहे तो युरोपियनांचा, बाकी अंधार. कोण कुठल्या वळणाला लागलं होतं ते ठरवा.

मुक्तछंद

टीप छापली हे चांगलंच झालं. पण ती युनेस्कोच्या छत्राखाली छापली गेली, ही माझीच बाजू नाही का? आंतरराष्ट्रीय समिती होती म्हणून तोल राहिला.

कलिना_८९

दोन तृतीयांश आफ्रिकी असलेली आंतरराष्ट्रीय समिती. फरक आहे.

ज्वारीवाला

राम राम मंडळी. मला विद्यापीठातलं कळत नाही. टारफुला कळतो.

ज्यांनी शेती केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्वारीच्या रानात हे तण येतं. दिसायला नाजूक, फूल बारीक. पण स्वतःचं पोट स्वतः भरत नाही, ज्वारीच्या मुळाला चिकटून ओढतं. जमिनीवर तुम्हाला दिसतं तोवर खाली काम झालेलं असतं. पाणी देऊनही ताट पिवळं पडतं, खुजं राहतं, कणीस भरत नाही. एका झाडाला बी किती? हजारोंनी, धुळीसारखं. आणि ते बी जमिनीत वर्षानुवर्षं निजून राहतं. ज्वारीच्या मुळातून एक द्रव्य पाझरतं, त्याचा सुगावा लागला की मगच उगवतं. भांगलून भांगलून माणूस दमतो.

आफ्रिकेत याची जांभळ्या फुलाची मोठी जात आहे. ज्वारी, बाजरी, मका, सगळं खाते. त्यावर काम केलं गेबिसा एजेटा यांनी. इथिओपियातल्या खेड्यातला माणूस, गवताने शाकारलेल्या खोलीत वाढलेला. त्यांनी अशी ज्वारी काढली जिच्या मुळातून ते द्रव्य अगदी कमी पाझरतं. बी निजलेलंच राहतं. २००९चं वर्ल्ड फूड प्राइझ त्यांना मिळालं.

आता माझा सवाल. हे काम त्यांनी केलं अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात. त्याआधी सुदानात संकरित ज्वारी काढली ती इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या नोकरीत, आणि इक्रिसॅटचं मुख्य ठाणं आपल्या हैदराबादजवळ पाटनचेरूला. मग हे संशोधन आफ्रिकेतलं धरायचं, अमेरिकेतलं की तेलंगणातलं? ज्याच्या रानात पीक उभं राहिलं त्याला काय फरक पडतो?

नैरोबीची_अनघा

ज्वारीवाले दादा, फार छान लिहिलंत. पण तुमच्याच टारफुल्याची दुसरी गोष्ट सांगते, ती दारेसलामकरांच्या बाजूने जाते. अर्थात पूर्ण नाही.

नैरोबीत इसिपे नावाची कीटक-संशोधनाची संस्था आहे. १९७० साली थॉमस ओधियांबो या केनियन कीटकशास्त्रज्ञाने सुरू केली. नव्वदच्या दशकात तिथे झियाउर खान, म्हणजे आपल्याकडचेच शास्त्रज्ञ, मक्याच्या खोडकिडीवर काम करत होते. सोबत इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड या शेती-संशोधन संस्थेचे रसायनतज्ज्ञ. कल्पना अशी: मक्याच्या ओळींमध्ये असं झाड लावायचं ज्याच्या वासाने किडीचा पतंग पळेल, आणि शेताच्या कडेने असं गवत लावायचं ज्याकडे तो ओढला जाईल. कडेला नेपियर गवत. मधल्या झाडासाठी बरेच प्रकार लावून पाहिले, त्यात डेस्मोडियम होतं.

व्हिक्टोरिया सरोवराकाठी म्बिता इथे त्यांचं शेत आहे. तिथे असं दिसलं की डेस्मोडियम लावलेल्या वाफ्यांत टारफुला जवळजवळ नाहीच! ते कुणी शोधायलाही निघालं नव्हतं. मग कारण शोधलं. डेस्मोडियमच्या मुळांतून काही द्रव्यं पाझरतात. एक टारफुल्याच्या बियाला फसवून उगवायला लावतं आणि दुसरं त्याला मक्याच्या मुळाशी चिकटू देत नाही. बी उगवतं आणि उपाशी मरतं. जमिनीतला साठाच कमी होत जातो. वर डेस्मोडियम आणि नेपियर दोन्ही गुरांचा चारा. म्हणजे मका वाचला आणि गाईलाही खायला झालं. दोन गुंठ्यांची धनीण असलेल्या बाईला दुधाचे पैसे वेगळे.

आता हे अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत दिसलं असतं? कुंडीत खोडकीड आणि टारफुला दोन्ही एकत्र कोण लावतं? ते दिसलं कारण माणसं हंगामामागून हंगाम त्याच मातीत उभी होती. दारेसलामकर म्हणतात ती 'तिथे' असण्याची किंमत ही.

'पूर्ण नाही' म्हटलं ते पैशामुळे. संस्था केनियात, पण या कामाला पैसा आला तो बराचसा ब्रिटन-स्वित्झर्लंडकडचा.

खुलताबादी

विषय निघालाच आहे तर एक आठवण. हबशी गुलाम म्हणून इथिओपियातून निघालेला मुलगा दख्खनला येऊन मलिक अंबर झाला, खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवली, जमीन महसुलाची घडी घातली, १६२६ला वारला. आमच्याकडे त्याची कबर आहे. आफ्रिकी माणसांच्या कर्तबगारीचे कागद फारसी-मराठीत पडलेत. हे 'तिथल्या' विद्यापीठात बसून कसं वाचणार?

कलिना_८९

तिथल्या विद्यार्थ्यांना इथे शिष्यवृत्ती देऊन. मोडी आणि फारसी शिकवून. आपल्याकडे आफ्रिकेतून शिकायला येणारी पोरं कमी आहेत का? पुण्यात घरमालक त्यांना कसे वागवतात तो स्वतंत्र धागा होईल.

वैद्यबुवा

वैद्यकातलं एक उदाहरण देतो. इबोला.

१९७६, यांबुकु, तेव्हाचं झाईर म्हणजे आजचं काँगो. बेल्जियन जोगिणी (नन) चालवत असलेलं मिशनचं रुग्णालय. माणसं पटापट मरताहेत, टायफॉइड असेल असा अंदाज. किन्शासाहून पाठवलेले डॉक्टर झान-झाक मुयेम्बे, बेल्जियममध्ये शिकून परतलेले विषाणुतज्ज्ञ. हातमोजे नाहीत. सुई काढली तरी टोचलेल्या जागेतून रक्त थांबेना, बोटं माखली. साबण-पाण्याने हात धुतले, वाचले. हे नेहमीचं नाही एवढं कळलं, म्हणून एका आजारी जोगिणीला किन्शासाला आणलं. तिचं रक्त थर्मासमध्ये बर्फासोबत घालून विमानाने अँटवर्पला गेलं. पुढे विषाणू 'सापडला' तो तिथे आणि अमेरिकेत. जगाने नावं लक्षात ठेवली ती तिथल्या लोकांची.

१९९५, किक्विट. पुन्हा साथ. मुयेम्बेंनी बऱ्या झालेल्या रुग्णांचं रक्त आठ आजाऱ्यांना दिलं. सात वाचले. बाहेरच्या तज्ज्ञांनी नाक मुरडलं: तुलनेसाठी दुसरा गट कुठे आहे? शास्त्राच्या दृष्टीने आक्षेप चूक नव्हता. पण कल्पना सोडून देण्याचं ते कारणही नव्हतं. बरीच वर्षं ती तशीच पडून राहिली. अखेर किक्विटमध्ये वाचलेल्या एका माणसाच्या रक्तातून प्रतिपिंड वेगळं काढलं, २०१८-१९ला काँगोतच रीतसर चाचणी झाली, आणि डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. आजार काँगोतला, कल्पना काँगोतली, रक्त काँगोतलं, चाचणीचे रुग्ण काँगोतले. परवाना फ्लोरिडातल्या कंपनीकडे.

२०१९ला मुयेम्बेंनी जाहीर केलं की यापुढे नमुने देशाबाहेर जाणार नाहीत, तपासणी किन्शासात होईल. मला विचाराल तर आफ्रिकेची उभारी म्हणतात ती ही: नमुना कुठे राहील हे ठरवण्याची ताकद.

आणि मुक्तछंद यांच्या पासपोर्टबद्दल: नोव्हेंबर २०२१ला ओमिक्रॉन पकडला तो बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगशाळांनी. दक्षिण आफ्रिकेतल्या चमूचे प्रमुख तुलिओ दि ऑलिव्हेरा जन्माने ब्राझीलचे. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. बक्षीस काय मिळालं? काही तासांत युरोपने विमानं बंद केली.

खडूसकाका

वैद्यबुवा, डोळ्यांत पाणी आणलंत. आता हिशेबाचं बोलू, धाग्याचे मालक दारेसलामकर स्वतः हिशेबनीस आहेत म्हणून.

मुयेम्बेंच्या किन्शासातल्या संशोधन संस्थेची नवी इमारत कुणी बांधून दिली? जपानने. इसिपेला पैसा कुणाचा? अनघाबाईंनी सांगितलाच. डाकारला १९७३पासून 'कोडेस्रिया' आहे, समाजशास्त्रांचं अख्ख्या आफ्रिकेचं व्यासपीठ, समीर अमीन यांच्यासारखा डावा अर्थतज्ज्ञ त्याचा पहिला सचिव. साम्राज्यवादावर तिथे इतकं लिहिलं गेलं की विचारू नका. वर्षानुवर्षं चालवलं कुणाच्या पैशावर? स्वीडन, नॉर्वे, फोर्ड फाउंडेशन.

आफ्रिकी देशांनी स्वतःच ठरवलं होतं की राष्ट्रीय उत्पन्नाचा १ टक्का संशोधनावर घालू. ठरवूनही दीड-दोन दशकं उलटली. बहुतेक देश त्याच्या निम्म्यावर धापा टाकताहेत. नायजेरियात तेल आहे ना? २०२२ साली तिथले सरकारी प्राध्यापक आठ महिने संपावर होते, पोरं घरी. राजधानीतल्या गाड्या मात्र कुठल्या संपाने थांबल्या नाहीत.

प्रश्न काढायचा हक्क हवा असेल तर बिल भरा. बिल दुसऱ्याने भरायचं आणि जेवण आपण ठरवायचं, असं जगात कुठेही चालत नाही.

मुक्तछंद

एक टक्क्यावरून आपणही हसू नये, काका. भारत कित्येक वर्षं ०.६५च्या आसपासच घुटमळतोय.

खडूसकाका

हसतोय कुठे. आपल्यालाही तेच लागू.

दारेसलामकर

काकांच्या बिलाच्या मुद्द्यावर मला तपशिलाने बोलायचं आहे, कारण ती बिलं मी रोज बघतो. एका संस्थेचे हिशेब माझ्याकडे असतात, नाव घेत नाही.

बाहेरून आलेल्या अभ्यास-प्रकल्पाचं अंदाजपत्रक असं असतं. पहिली ओळ: परदेशी तज्ज्ञ, दिवसाचा दर डॉलरमध्ये, विमान, हॉटेल वेगळं. मग 'स्थानिक सल्लागार': विद्यापीठातला प्राध्यापक, पीएचडी, दर त्याच्या एका तुकड्याएवढा. मग माहिती गोळा करणारी पोरं, टॅब्लेट, जीप, डिझेल, चहा-नाश्ता. शेवटी अहवाल छपाई. ग्रंथालय? ओळ नाही. जमवलेली मूळ माहिती विद्यापीठात ठेवायला काही? ओळ नाही. ती टॅब्लेटमधून थेट बाहेरच्या सर्व्हरवर जाते. पुढच्या वर्षी दुसरा देणगीदार येतो आणि त्याच गावात जवळपास तेच प्रश्न पुन्हा विचारतो. गावकऱ्यांना आता उत्तरं पाठ आहेत.

तो प्राध्यापक दिवसा वर्गावर, संध्याकाळी पैसे भरणाऱ्या मुलांच्या जादा तुकडीवर आणि रविवारी अशा अहवालावर असतो. स्वतःचा प्रश्न कधी काढणार? मकेरेरेत नव्वदच्या दशकापासून नेमकं हेच कसं घडत गेलं, ते महमूद ममदानींनी सविस्तर लिहून ठेवलंय. (हो, तेच, न्यूयॉर्कच्या झोहरानचे वडील. जन्म मुंबईचा, वाढले कंपालात, १९७२ला अमीनने हाकललेल्यांतले एक.) त्यांचं म्हणणं, सल्लागारीच्या धंद्याने संशोधन खाल्लं: सल्लागार दुसऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधतो, संशोधक आधी प्रश्न घडवतो. ते नुसतं बोलून थांबले नाहीत. २०१०ला मकेरेरेच्या सामाजिक संशोधन संस्थेचे प्रमुख म्हणून गेले आणि तिथेच पूर्ण वेळाचा पीएचडीचा अभ्यासक्रम सुरू केला, म्हणजे पोरं बाहेर पाठवायला नकोत. त्यावरूनही तिथे वाद झाले, ते वेगळं.

हुकूमशहांबद्दल काका बोलले ते सगळं खरं आहे. आफ्रिकी विद्वानांनीच १९९० साली कंपाला जाहीरनाम्यात ते लिहिलं, स्वतःच्या सरकारांच्या तोंडावर. पण अमीन १९७९ला पळाला. घर पुन्हा बांधायची वेळ आली नेमकी तेव्हा, जेव्हा सावकाराने सांगितलं की वरच्या मजल्यावर खर्च करू नका.

बिल सरकारांनी भरायला हवं, शंभर टक्के. झांबिया २०२०ला आणि घाना २०२२ला कर्जाचे हप्ते भरू शकले नाहीत. तिथल्या अर्थमंत्र्याला प्रयोगशाळेची ओळ दाखवा, तो तुम्हाला व्याजाची ओळ दाखवेल.

खडूसकाका

आणि ते कर्ज काढलं कुणी? मी इथेच बसलोय.

नैरोबीची_अनघा

काका, त्यावर उद्या भांडू. पण कोडेस्रियाबद्दल एवढंच: स्वीडनच्या पैशावर चालूनही तिथल्या लोकांनी देणगीदारांच्या धोरणांची सालटी काढली. बिल भरणाराच जेवण ठरवतो असं दर वेळी होत नाही. कुणाच्या हातात सही आहे आणि पैसा किती वर्षांसाठी आहे, यावर बरंच ठरतं. म्बिताला डेस्मोडियमचा गुण कळला तो पैसा सलग मिळत राहिला म्हणून. तीन वर्षांच्या प्रकल्पात पहिलं वर्ष माणसं नेमण्यात आणि शेवटचं अहवालात जातं.

ज्वारीवाला

अनघाताई, ते डेस्मोडियम आमच्याकडे कोरडवाहूत तगेल का? आणि बी कुठं मिळतं? कृषी सेवा केंद्रवाला डोकं खाजवतो.

नैरोबीची_अनघा

दादा, मूळचा जो प्रकार होता त्याला बऱ्यापैकी पाऊस लागतो. नंतर कोरड्या भागासाठी त्यांनी हिरव्या पानाचा, अवर्षण सोसणारा डेस्मोडियम घेतला आणि कडेला नेपियरऐवजी ब्रॅकियारिया. ज्वारीतही तो चालवला आहे. पण बियाण्याचं रडगाणं इथेही आहे. महाग, आणि वेळेवर मिळत नाही. खुद्द केनियात हे तंत्र पसरायला तीच मोठी अडचण झाली. इथल्या बायका बियाण्याची वाट बघत नाहीत. शेजारणीच्या वाफ्यातून वेल तोडून आणतात आणि पावसाच्या तोंडाला कांडी खोचतात. तुमच्याकडे आधी राहुरीला किंवा चाऱ्यावर काम करणाऱ्या झाशीच्या संस्थेला विचारून बघा. मिळालं तर एकाच वाफ्यात लावा, सगळ्या रानात नको.

ज्वारीवाला

राहुरीला फोन लावतो सोमवारी. तिकडं गाय दिवसाला किती हिरवा खाते ते पण सांगा, आमच्या म्हशीला पुरेल का ते बघतो.